इलेक्ट्रिकवर कारकासी, बाख वगैरे: तुमचे प्रश्न अन् माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की इलेक्ट्रिक गिटारवर बाख वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही, तर त्यावर इतकी पत्रं आली बाप्पा, की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. काही लोक खूश, काही चिडलेले, एका काकांनी तर दोन पानं भरून सुनावलंय. क्लासिकल म्हणजे इथे युरोपातलं, सोर-कारकासी-बाख या जुन्या रचनाकारांचं, आपला भीमपलास नाही, तेही प्रश्न आलेत पण ते पुढच्या वेळी. पत्रं थोडी कापून घेतलीत, राग मानू नका.

प्रश्न : सर, माझ्याकडे एकच गिटार आहे, इलेक्ट्रिक, तीपण सेकंडहँड. मला कारकासीचे स्टडी (सरावाचे तुकडे) वाजवायचेत. क्लासमधले सर म्हणतात आधी नायलॉनची घे मग ये. बाबा म्हणतात एक धड वाजवून दाखव मग दुसरीचं बघू. मी काय करू?
— इंजिनियरिंगचा विद्यार्थी, प्रतापनगर

बाबांचं पूर्ण बरोबर आहे अन् सरांचं अर्धं.

आधी सरांचं जे अर्धं चुकतं ते बघू. कारकासी 1853 मध्ये गेला. नायलॉनच्या तारा गिटारवर आल्या 1940 च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टीन नावाच्या कारागिराने स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाच्या मदतीने बनवल्या, त्याच्या आधी सगळे आतड्याच्या तारांवर वाजवायचे. म्हणजे कारकासीने स्वतः नायलॉनची तार कधी पाह्यलीच नाही. बाखने तर गिटारसाठी एक ओळ लिहिलेली नाही, आपण जे वाजवतो ते ल्यूट या जुन्या तंतुवाद्याचं, चेलोचं, व्हायोलिनचं उचलून आणलेलं. अन् ज्या तुकड्याशिवाय कुठलाही स्पॅनिश गिटारचा प्रोग्राम संपत नाही तो आल्बेनिझचा आस्तुरियास मुळात पियानोसाठी आहे. तर 'या वाद्याचं संगीत त्या वाद्यावर चालत नाही' हे गिटारवाल्यांनी बोलावं म्हणजे कमालच. हां, सेगोव्हियाला इलेक्ट्रिक गिटार अजिबात खपायची नाही हे खरंय, पण तो गेला 1987 मध्ये अन् तुझ्या बाबांचं बजेट त्याला माहीत नव्हतं.

आता सरांचं बरोबर काय ते. नायलॉनवर उजव्या हाताने सूर *घडवावा* लागतो, बोटाचा कोन, नखाचा आकार, साउंडहोलच्या वर वाजवलं की मऊ, ब्रिजपाशी, म्हणजे तारा अंगाला बांधलेल्या असतात तिथे, वाजवलं की कडक, हे सगळं तिथे खूप ठळक ऐकू येतं, इलेक्ट्रिकवर तेवढं येत नाही कारण मध्ये पिकअप, म्हणजे तारेचं हलणं पकडणारा चुंबक, बसलाय अन् तो एकाच जागी बसून ऐकतो. ते शिक्षण इलेक्ट्रिकवर अर्धवटच होणार. पण त्याच्या बदल्यात इलेक्ट्रिक दुसरं एक शिकवते, जे नायलॉनवाले बरेच जण वर्षानुवर्षं टाळतात, अन् ते म्हणजे सूर थांबवणं. माझं या सगळ्या विषयावर म्हणणं असेल तर हेच एक आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

समजून घे. क्लासिकल गिटारची वरची फळी जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची, तार हलली की ती फळी लगेच तारेची ताकद घेऊन हवेत फेकते, म्हणून आवाज मोठा येतो अन् लवकर मरतो. इलेक्ट्रिकचं अंग भरीव लाकडाचं, ते तारेकडून फारसं काही घेत नाही, तार बिचारी हलतच राहते अन् पिकअप फक्त ते वाचून अँपला सांगतो. म्हणून सूर लांबतो. सोलो वाजवताना हे वरदान, पण दोन-तीन आवाजांचं संगीत वाजवताना मागचा सूर म्हणजे निघतो निघतो म्हणत दारातच अर्धा तास गप्पा मारणारा पाहुणा. बेसमधला मोकळा ए (न दाबलेली पाचवी तार) संपून ई (सहावी, सगळ्यात जाड) यायला पाहिजे, अन् इथे ए जायलाच तयार नाही, दोन्ही एकमेकांत मिसळून नुसता घुमघुमाट, वरची सुंदर चाल त्यात बुडून गेली. बहुतेक लोक इथेच म्हणतात की इलेक्ट्रिकवर क्लासिकल चांगलं वाटत नाही. अरे वाटत नाही कारण तू ए बंद केला नाहीस!

तर काम असं. पाचवी तार वाजवून मग सहावी वाजवायची असेल तर अंगठ्याने सहावीवर रेस्ट स्ट्रोक मार, म्हणजे अंगठा सहावी वाजवून पुढे पाचवीवर जाऊन टेकतो, पाचवी आपोआप गप्प. उलटं असेल, आधी सहावी मग पाचवी, तेव्हा पाचवी वाजवून झाल्याबरोबर अंगठ्याच्या पाठीने सहावीला हलकेच शिवायचं, सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं, हात म्हणतो मला नाही जमत, पण हळू टेम्पोला रोज थोडं केलं की बसतं. दाबलेला सूर असेल तर डावं बोट उचलून तारेवरच ठेवायचं, एकदम वर हवेत नेलं तर मोकळी तार बोलते. स्वरलिपीत जिथे रेस्टची खूण आहे तिथे खरंच शांतता पाहिजे, नायलॉनवर ती शांतता बऱ्याचदा वाद्यच करून देतं, इथे ती तुला करायची. मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड कर अन् डोळे मिटून ऐक, कुठला सूर घरी गेला नाही ते लगेच कळतं.

डाव्या हाताचं वेगळं दुखणं. क्लासिकलमध्ये बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) तार साधारण 3 ते 4 मिलिमीटर वर असते, इलेक्ट्रिकवर दीड-दोन. त्यात फ्रेट उंच, तारा बारीक, अन् तू पुस्तक वाचून जोर लावून दाबतोस, मग सूर चढतो. गिटार ट्यून केलेली असते, ट्यूनर हिरवा दाखवतो, अन् कॉर्ड मात्र बेसुर. हा ट्यूनरचा दोष नाही, दाब कमी कर. नेमका सूर फुटायला लागेल एवढाच. व्हायब्रेटो, म्हणजे सूर थरथरवणं, तेपण जपून, क्लासिकलवाले तारेच्या लांबीच्या दिशेने बोट हलवतात, स्टीलवर त्याने फार काही होत नाही अन् आडवं हलवलं की सूर फक्त वरच जातो, खाली येत नाही, म्हणून बाखमध्ये तर ब्लूजवाला व्हायब्रेटो घालू नकोस, कानाला चिमटा बसतो.

मान अरुंद असते हे खरं, नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, क्लासिकल 52 मिलिमीटर अन् इलेक्ट्रिक 42-43, म्हणून शेजारच्या तारेला बोट लागतं, बोटं उभी ठेव. तारेची लांबी मात्र जवळपास सारखीच, क्लासिकलची 650 मिलिमीटर अन् स्ट्रॅट या गाजलेल्या इलेक्ट्रिक मॉडेलच्या धाटणीची 648, म्हणजे डाव्या हाताचे ताण सारखेच पडतात, एकावर बसवलेलं दुसऱ्यावर चालतं. बसून वाजवतानाही पट्टा लाव अन् मान वर ठेव, नाहीतर गिटार मांडीवरून घसरते अन् डावा हात तिला सांभाळण्यातच थकतो.

काय वाजवशील? कारकासीच्या ऑपस 60 मधला तिसरा घे, वर चाल, मध्ये आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून), खाली बेस, तिघांना वेगळं ठेवायचा धडा एकाच पानावर मिळतो. त्यानंतर बाखची ई मायनर बूरे (एक जुना नाच), बाखच्या रचनांच्या यादीतली 996 वाली, दोनच आवाज, बेसला स्वतःची चाल आहे, अन् इलेक्ट्रिकवर ती माझ्या मते नायलॉनपेक्षा जास्त स्पष्ट येते. सरांना वाजवून दाखव. ऐकल्यावर काय म्हणतात ते मलाही कळव.

प्रश्न : स्टीलच्या तारांनी माझी नखं फार झिजून राहिली आहेत. पिक (तार छेडायची प्लास्टिकची चकती) वापरला तर क्लासिकल राहणार नाही का?
— एक वाचक, धरमपेठ

नखं झिजणारच, स्टील म्हणजे कानसच आहे ती. तुम्ही नखं सोडून द्या ना काही दिवस. सोर नखांशिवाय वाजवायचा, त्याचा दोस्त अग्वादो नखांनी, अन् नंतरच्या काळातल्या स्पॅनिश तार्रेगाने तर उतारवयात नखं कापून टाकली होती. दोन्ही परंपरा जुन्या आहेत. नायलॉनवर नुसत्या बोटाने आवाज लहान होतो ही अडचण असते, इलेक्ट्रिकवर ती अडचणच नाही, व्हॉल्यूमचं बटन आहे. उलट बोटाच्या मांसाने स्टीलचा जो टिणटिणाट असतो तो निम्मा कमी होतो.

पिकबद्दल : एका सुराची धावती चाल असेल तर बिनधास्त पिक. पण बेस अन् वरचा सूर एकाच क्षणी वाजवायचा असेल तर पिकने ते होतच नाही, खालून वर खरडत जावं लागतं. मग पिक अंगठा अन् पहिल्या बोटात धरून मधलं अन् अनामिका तारेवर, हे हायब्रिड पिकिंग, यात तीन आवाजांपर्यंत निभतं. चार आवाजांच्या कॉर्डला चारही बोटं मोकळी लागतात. मी स्वतः अशा वेळी पिक सरळ खिशात टाकतो.

प्रश्न : अँपवर नेमकं काय सेटिंग ठेवायचं? आणि दुसरं म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर लावला की गिटारमधून गुंऽऽऽ असा आवाज येतो, कूलर बंद केला की कमी होतो. पण कूलर बंद करून नागपुरात मे महिन्यात वाजवायचं कसं?
— एक गृहिणी, मनीषनगर (चाळिशीत शिकायला घेतलंय)

ताई, चाळिशीत सुरू केलंत हे भारी. आधी कूलर.

तुमच्या गिटारला सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, पिकअप असणार. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, ती स्टीलच्या तारेचं हलणं पकडते तशीच कूलरच्या मोटरचं 50 हर्ट्झचं क्षेत्रपण पकडते, तिला काय माहीत कोणतं बाख अन् कोणतं कूलर. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर त्याची वेगळी खरखर येते, पंखा फुल स्पीडवर केला की बहुतेक वेळा ती जाते. उपाय : कूलरपासून लांब बसा अन् जागेवरच हळूहळू फिरा, एका दिशेला तोंड केल्यावर गुणगुण एकदम कमी होते, तीच तुमची बसायची जागा. तीन पिकअपवाली गिटार असेल तर स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी टाकून बघा, बऱ्याच गिटारमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो त्यामुळे दोन मिळून हम, म्हणजे ही गुणगुण, कापतात. दोन गुंडाळ्यांचा हमबकर पिकअप याच तत्त्वावर चालतो, पण त्यासाठी लगेच खर्च करू नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. प्लगची जाड तिसरी पिन कापून किंवा दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये घालून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गिटारच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात, घरातली अर्थिंग नीट नसेल अन् अँपमध्ये काही बिघडलं तर करंट सरळ तुमच्या बोटात. जुन्या घरात असाल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, ते कूलरसाठीही हवंच, पाण्याची टाकी अन् लोखंडी बॉडी, दरवर्षी बातम्या येतात आपल्याकडे.

आता सेटिंग. मानेजवळचा पिकअप, अँप क्लीन, गेन कमी, गिटारचा टोन नॉब थोडा उतरवा पण एवढा नाही की गोधडी पांघरल्यासारखा आवाज येईल. बेस अँपवरच कमी करा, मानेजवळच्या पिकअपवर सहावी तार आधीच फुगलेली असते. तरी अंगठा सगळ्यांवर भारी पडत असेल तर पिकअपच्या बाजूचा स्क्रू बघा, बेसकडची बाजू अर्धा फेरा खाली घ्या, वाजवा, ऐका, मग पुन्हा. तिसरी तार ओरडते असंही तुमच्या लक्षात येईल, ती साध्या इलेक्ट्रिक सेटमध्ये गुंडाळी नसलेली जाड स्टीलची असते, कॉर्डमध्ये उठून दिसते. गुंडाळीवाल्या तिसऱ्या तारेचा, 11 किंवा 12 चा (हा आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा) सेट मिळतो, जॅझवाले वापरतात, क्लासिकलला तो फार शोभतो, फक्त नट अन् ट्रस रॉडचं (मानेच्या आतल्या सळईचं) सेटिंग करून घ्यावं लागतं. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, थोडाच. आपण एवढे कष्ट करून सूर थांबवायचे अन् रिव्हर्बने ते पुन्हा लांबवायचे यात अर्थ नाही. कंप्रेसरपण नको, हळू-जोरातला फरक तोच खाऊन टाकतो, अन् या संगीतातून तो गेला तर उरतं काय?

अन् कूलरचाच अजून एक पैलू. मे मधली कोरडी हवा लाकूड आक्रसवते, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला हाताला टोचू लागतात, मग कूलरसमोर तेच लाकूड ओल पितं. गिटार कूलरच्या झोतात उभी करून ठेवू नका, बॅगेत घालून आतल्या खोलीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच नाही.

प्रश्न : मला तार्रेगाचा अल्हाम्ब्रावाला ट्रेमोलो इलेक्ट्रिकवर वाजवायचा आहे. कितीही केलं तरी मशीनगनसारखा वाटतो. काहून?
— एक वाचक, महाल

कारण ट्रेमोलोची गरजच नाही तिथे. नायलॉनचा सूर लवकर मरतो म्हणून तार्रेगा तोच सूर अनामिका-मधलं-तर्जनीने पुन्हा पुन्हा वाजवून लांब सुराचा भास करतो, प्रत्येक टोल मागचा सूर मरता मरता येतो म्हणून ते पाण्यावरच्या चमकीसारखं वाटतं. स्टीलवर मागचा सूर मेलेलाच नसतो, तुम्ही त्याच्या डोक्यावर हातोडी मारताय, म्हणून फक्त ठोका ऐकू येतो. शिवाय पिकअप बोटांतला जरासा असमानपणाही वाढवून सांगतो.

वाजवायचाच असेल तर टोन अजून उतरवा, नखं नाही तर बोटं, उजवा हात मानेकडे सरकवून वाजवा अन् टेम्पो जास्त नका ठेवू. तरी तो नायलॉनचाच तुकडा आहे असं माझं मत. सगळं संगीत सगळ्या वाद्यावर गेलंच पाहिजे असा हट्ट कशाला? एकेका सुराची लांब ओळ असलेलं काहीतरी घ्या, तिथे तुमची गिटार नायलॉनवाल्यांना हेवा वाटेल असं गाते.

प्रश्न : डिस्टॉर्शन लावून बाख वाजवला तर पाप लागतं का? 😄
— बँडवाला, त्रिमूर्तीनगर

पाप नाही लागत भाऊ, चिखल होतो. डिस्टॉर्शन म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट, त्यातून एक सूर गेला तर त्याचेच वरचे सूर वाढतात, छान भरदार वाटतं. दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे अन् वजाबाकीचे नवेच सूर तयार होतात जे कोणीच वाजवलेले नसतात. दोन सुरांत पाचव्याचं अंतर (सा-प) असेल तर ते नवे सूर त्यातच बसतात, म्हणून तुमचे पॉवर कॉर्ड चालतात, पण तिसऱ्याचं अंतर (सा-ग) आलं की खडखडाट. अन् बाख म्हणजे तिसरे-सहावे यांचाच बाजार. म्हणून बूरे क्लीनवरच. डिस्टॉर्शनची हौस असेल तर पहिल्या चेलो सूटचं प्रिल्यूड घ्या, 1007, जवळजवळ सगळं एकेका सुराचं आहे, गेन थोडाच, अन् तार बदलताना आधीची तार तळहाताने बंद. डीपी रोडच्या गणपतीसमोर वाजवू नका एवढंच, लोक नाचायला लागतील अन् ताल सापडणार नाही.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, इलेक्ट्रिकवर क्लासिकल छान वाजवते. तिला क्लासिकलच्या ग्रेडला बसवू का?
— एक पालक, लक्ष्मीनगर

त्याच गिटारवर नाही बसवता येणार. क्लासिकल गिटारच्या ग्रेड परीक्षा नायलॉनच्या गिटारवरच असतात, ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा मंडळाची इलेक्ट्रिकवाल्यांसाठी रॉक अँड पॉपची वेगळी परीक्षा आहे, तिथे तुकडेही वेगळे. सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेआधी काही महिने नायलॉनची गिटार हातात द्या, रुंद मानेची सवय व्हायला वेळ लागतो, स्वरलिपी अन् बोटांचे नंबर मात्र तेच. दहावीचं वर्ष आहे म्हणता, तर घाई काय आहे? वाजवू द्या की.

प्रश्न : इलेक्ट्रिकला नायलॉनच्या तारा लावल्या तर दोन्ही कामं होतील ना?
— एक वाचक, कामठी

नाही होणार. पिकअप चुंबकावर चालतो, त्याला लोखंड पाहिजे, नायलॉन त्याला दिसतच नाही, अँपमधून काही येणार नाही. अन् उलटा प्रयोग, म्हणजे क्लासिकल गिटारला अकूस्टिकच्या स्टीलच्या तारा, तो तर चुकूनही नको. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण 40 किलो, अकूस्टिकच्या स्टीलच्या सेटचा 70 च्या वर, ब्रिज उखडून हातात येतो. नायलॉनच्या तारा अन् ब्रिजमध्ये पिएझो (चुंबकाशिवाय, थेट कंप पकडणारा) पिकअप असलेल्या गिटार बाजारात मिळतात, तुम्हाला बहुधा तेच हवंय, बर्डीत गेलात तर हातात घेऊन, वायर लावून, वाजवूनच घ्या.